नियमभाईचा आवाज

३ ऑगस्ट

आज शर्वरी गोत्रीच्या तिच्या घरून आली ती काखेत पुठ्ठ्याचं खोकं मारून. चांगली नोकरी सोडून खेळणी करायचा नाद लागल्याला तिला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिनं दाखवलेल्या एकाही खेळण्याबद्दल माझं मत चांगलं झालेलं नव्हतं. एकाचे डोळे निघून पोरांच्या घशात जातील असे होते, दुसऱ्याच्या कडा लागत होत्या. मी दोन्ही वेळा तसं कागदावर लिहून दिलं होतं.

आजचं खेळणं मात्र वेगळं आहे. बघायला गेलं तर आग विझवायचा लाल बाटला, वीतभर उंच. वरची मूठ फिरवली की बाटला मधोमध उघडतो, हात बाहेर येतात, नळी वळून नाक होते आणि समोर ताठ मानेचा यंत्रमानव उभा राहतो. गळ्यात शिट्टी. नाव नियमभाई. कुठं काही चुकलं की शिट्टी मारायची आणि नियम सांगायचा, एवढंच त्याला येतं.

"माणूस बरा वाटतो," मी म्हणालो.

"तुमच्यावरूनच केलाय, बाबा."

अहल्या स्वयंपाकघरात हसली. अडतीस वर्षं संसार करूनही या बाईला कुठं हसावं ते कळलेलं नाही. मला खरंच भरून आलं होतं. कारखान्यात तेहतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. जी आग लागलीच नाही ती कुणाला दिसत नाही, म्हणून आमच्या जातीच्या माणसाचा पुतळा कुणी उभारत नाही. माझ्या मुलीनं वीतभर का होईना, उभारला.

९ ऑगस्ट

नियमभाईच्या तोंडी घालायला शर्वरीला माझी वाक्यं हवी आहेत. पाळी सुरू होण्याआधी मी कामगारांशी पाच मिनिटं बोलायचो, त्याच्या वह्या कपाटात आहेत. तिला किल्ली दिली. सांगितलं, "वरच्या खणातल्या वह्या खुशाल घे. खालच्या खणात माझ्या डायऱ्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही."

"नाही लावणार, बाबा."

वह्यांमध्ये हंबीरराव केसही आहे. ती वापरू नकोस म्हटलं, लहान पोरांना झेपायची नाही. वेल्डिंगच्या कामाआधी परमिट घ्यावं लागतं. सेफ्टी ऑफिसर जागेवर जाऊन, तिथं ज्वलनशील वायू नाही ना ते यंत्रानं तपासतो आणि मगच सही करतो. हंबीररावानं परमिट न घेताच ठिणगी पाडली. भडका उडाला, चौथ्या दिवशी गेला बिचारा. ही केस मी दर नोव्हेंबरात नव्या अ‍ॅप्रेंटिस पोरांना शिकवतो. निवृत्त झालो तरी मलाच बोलावतात. त्याच्या बायकोकडे, सुहासिनीताईंकडे, निजामपुऱ्यात दर भाऊबीजेला जातो. त्यांचा मुलगा कुणाल त्याच कारखान्यात माझ्या शब्दावर लागला. एका माणसानं नियम मोडला, तर निस्तरायला किती जण लागतात!

१७ ऑगस्ट

गोत्रीला जावईबापू निहारच्या खोलीत आवाज देऊन आलो. त्यानं भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. तेवीस वाक्यं बोललो. "चूक दिसली की लगेच सांगा." "माझी सुरक्षा, माझी जबाबदारी." "आग लहान होती तेव्हाच विझवायची होती!" शेवटच्या वाक्याला निहारनं अंगठा दाखवला. साठी उलटल्यावर माणसाचा आवाज कामाला येतो म्हणजे काय कमी झालं?

शर्वरी उशिरा आली. डोळे लाल. म्हणाली, डोळे आलेत. मी गॉगल लावायला सांगितलं आणि रुमाल वेगळा ठेवायला सांगितलं. मध्येच विचारते, "बाबा, माझ्या सातव्या वाढदिवसाला तुम्ही लवकर आला होता ना?"

"आलो असेन," मी म्हणालो.

५ सप्टेंबर

सोसायटीच्या गणपतीत शर्वरीनं नियमभाईचा नमुना पोरांना खेळायला दिला. मी सेक्रेटरी म्हणून शेजारीच खुर्ची टाकून बसलो. पोरं मुद्दाम चुका करायला लागली. चपला घालून मांडवात यायची, प्रसाद दोनदा घ्यायची, आणि तो शिट्टी वाजवून माझ्या आवाजात ओरडला की हसून हसून लोळायची. कुणीच ऐकेना झालं की नियमभाई मान खाली घालून आपसूक मिटतो आणि पुन्हा बाटला होतो. तसं त्याच्यात करूनच ठेवलंय. त्यावर तर आयाबायाही हसल्या.

"अहो, हसतायत म्हणजे आवडलाय ने," अहल्या इथल्या गुजराती हेलात म्हणाली.

आवडला असेल. पण हसं झालं ते माझं. हे शर्वरीला आधीपासून माहीत होतं, आणि तिनं मला गोधड्यांच्या खोलीत उभं करून मान डोलवायला लावली. मी घरी आलो आणि लिफ्टपाशी नवी सूचना लावली. कसली ते आता आठवत नाही.

१४ सप्टेंबर

अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल, लिहिलंच पाहिजे.

खोक्यात घालायची बारा पानी चित्रांची पुस्तिका शर्वरी टेबलावर विसरून गेली. विसरली की ठेवून गेली, देव जाणे. नियमभाई असा का झाला, त्याची गोष्ट आहे. पाचव्या पानावर लिहिलंय: "त्या दिवशी घरी छोट्या बाटलीचा वाढदिवस होता. नियमभाईला घाई होती. जागेवर न जाताच त्यानं कागदावर सही केली." सातव्या पानावर त्याचा मित्र भाजतो. आठव्यावर सगळे विचारतात, मित्रानं कागद घेतला होता का? "नियमभाई गप्प बसला. तेव्हापासून तो दुसऱ्यांना नियम सांगत सुटला आहे."

हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. खालच्या खणात, १९९८च्या डायरीत, ९ डिसेंबरच्या पानापासून पुढं.

हो, तसंच झालं होतं. शर्वरी सात वर्षांची झाली होती, संध्याकाळी केक कापायचा होता. हंबीरराव परमिट घेऊन माझ्या टेबलाशी आला. गटाराजवळचा पाइप जोडायचा होता. तिथं कधीच वायू नसायचा. मी जागेवर न जाता, यंत्र न लावता सही केली. गुलाबी प्रत त्याला दिली, पांढरी माझ्याकडे राहिली. मी केक कापत होतो तेव्हा फोन आला. दुसऱ्या दिवशी चौकशीला जागेवर गुलाबी प्रत सापडली नाही. जळाली असेल. कुणीतरी म्हणालं, म्हणजे परमिट घेतलंच नव्हतं. मी नाही म्हणालो नाही. पांढरी प्रत घरी आणून फाडली. एवढंच. मी खोटं असं बोललो नाही, गप्प बसलो. नंतर वर्षानुवर्षं शिकवता शिकवता मला तेच खरं वाटायला लागलं होतं.

पण ते माझं होतं. माझ्या कपाटात, माझ्या हस्ताक्षरात. पोटच्या पोरीनं ते उपसून त्याला रंगीत चित्रं काढली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कुणाजवळ?

१५ सप्टेंबर

गोत्रीला गेलो. तिच्या टेबलावर बिनहातांचे वीस-पंचवीस नियमभाई पडले होते.

"डायरीला हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"उघडली चुकून. वाचली मुद्दाम."

हे सांगताना तिची नजर खाली गेली नाही. मी बरंच काही बोललो. विश्वासघात हा शब्द तीनदा तरी वापरला. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "माझ्या सायकलला तुम्ही दोन घंटा लावल्या होत्या. कॉलेजात असतानासुद्धा गरब्यातून दहाला परत. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. डायरी वाचली तेव्हा कळलं, तुम्ही मला नाही, स्वतःला धरून ठेवत होता."

"शहाणपणा शिकवू नकोस."

"बाबा, चोविसावं वाक्य राहिलंय. 'चूक माझी होती.' नियमभाईकडून चूक झाली तर तोही म्हणेल ने. बोलाल?"

"नाही. आणि ही पुस्तिका छापायची नाही. शब्द दे."

निहार मध्ये पडला, "राहू दे, शर्वरी." तेव्हा कुठे ती म्हणाली, "बरं. पुस्तिका नाही छापत."

२० सप्टेंबर

शर्वरीचा फोन. पुस्तिका रद्द केली. नुसता दिवाळीच्या शुभेच्छांचा कागद घालणार आहे. मुलगी शेवटी माझी आहे, शब्दाला जागली. १९९८ची डायरी दुसरीकडे ठेवली. कुठं ते इथं लिहीत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

मराठी मंडळींच्या संमेलनात नियमभाई बाजारात आणला. हॉल भरलेला. मला पुढच्या रांगेत बसवलं, पुष्पगुच्छ दिला. शर्वरीनं माइकवर सांगितलं, आवाज माझ्या बाबांचा आहे. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. सगळं लिहितो, काही सोडत नाही.

पाच-सहा वर्षांच्या एका मुलीला मंचावर बोलावलं. नियमभाई दोनदा बरोबर बोलला. तिसऱ्यांदा मुलगी शांत उभी होती, काही चुकलंच नव्हतं, तरी त्यानं शिट्टी मारली. लोक हसले. मग नियमभाईनं हात छातीशी घेतला, डोळ्यातले दिवे मंद झाले आणि माझ्या आवाजात तो म्हणाला, "चूक माझी होती."

मी हे कधीच बोललेलो नाही. कुणालाही नाही, एकांतातही नाही. आणि माझाच आवाज साडेतीनशे माणसांसमोर ते बोलत होता.

"आ तो पेला दादानो अवाज छे!" ती मुलगी माझ्याकडे बोट करून गुजरातीत ओरडली, हा तर त्या आजोबांचा आवाज. सगळा हॉल माझ्याकडे वळला. टाळ्या, शिट्ट्या. तिला ते वाक्य आवडलं. तिनं पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा. मी मोजलं नाही. अहल्यानं माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

३ ऑक्टोबर

निहार आला होता, एकटाच. कम्प्युटरवर जोडलंय म्हणाला. 'चूक' एका वाक्यातून उचलला, 'माझी' दुसऱ्यातून, 'होती' त्या आगीच्या वाक्यातून. त्या वाक्याला मला अंगठा दाखवला होता यानंच! "शर्वरी म्हणाली, पुस्तिकेचा शब्द दिला होता, आवाजाचा नाही," असं खालमानेनं सांगत होता.

वा! ही पळवाट काढायला ती कुणाकडून शिकली, असं अहल्या पुटपुटली. मी तिच्याशी आज बोललेलो नाही. शर्वरीशी तर बोलायचा प्रश्नच नाही. खालचा खण उघडला, डायरी वाचली, आणि शेवटी माझंच तोंड माझ्याविरुद्ध वापरलं. शत्रूनं केलं असतं तर निदान सावध तरी राहिलो असतो.

११ ऑक्टोबर

सगळे नग संपले म्हणे. सोसायटीतली पोरं मला पाहिलं की छातीशी हात घेतात आणि म्हणतात, "चूक माझी होती." कारेलीबागेत मला फिरायला जाणं मुश्कील झालंय. दूध आणायलाही अहल्याच जाते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जावं की नाही, ठरत नव्हतं. पण सत्तावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. अनारशांचा डबा घेऊन निजामपुऱ्यात गेलो.

पाट मांडलेला होता, ताटात निरांजन होतं, पण पेटवलेलं नव्हतं. कुणाल घरी होता. एरवी तो या दिवशी पाळीवर जातो. त्याची तीन वर्षांची रसिका जमिनीवर बसून खेळत होती. लाल बाटला. मूठ फिरवली, हात बाहेर आले.

"संमेलनाला गेलो होतो, साहेब," कुणाल म्हणाला. "मागे उभा होतो. तिथंच घेतलं."

रसिकानं दाबलं. माझा आवाज म्हणाला, "चूक माझी होती."

सुहासिनीताईंनी ताट बाजूला सरकवलं. "दर भाऊबीजेला मी तुम्हाला ओवाळलं, भाऊ. दर वेळी वाटायचं, आज बोलतील. डबा ठेवायचात, फराळ करायचात, जायचात. शेवटी खेळणं बोललं."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ते मशीननं जोडलंय, ताई. मी तसं बोललेलो नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलला असतात तर मला इतकी वर्षं लागली नसती."

आत जाऊन त्यांनी एक कापडी पिशवी आणली. हंबीररावाची डब्याची पिशवी. तिच्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. गुलाबी. माझी सही मला तीन हातांवरून ओळखू आली.

"दवाखान्यात दोन दिवस शुद्धीत होते. म्हणाले, साहेबांनी सही दिली होती, पिशवीत बघ."

हा कागद पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही लिहितो, कारण निदान इथं तरी आता काही लपवायचं नाही. मनात आलं: गुलाबी प्रत कामाच्या जागी टांगायची असते, डब्याच्या पिशवीत नाही. नियमाविरुद्ध आहे. त्यानं तो एवढा नियम मोडला म्हणून कागद वाचला. मी कसला माणूस आहे?

"दाखवला का नाहीत कुणाला?" मी विचारलं.

"कुणाल वर्षाचा होता. तो मोठा झाला की नोकरीला लावतो, असा शब्द तुम्ही दिला होता. कागद काढला असता तर तो शब्द गेला असता. मी सत्तावीस वर्षांची होते, भाऊ, मला काय कळत होतं?"

मी हात पुढं केला. त्यांनी कागद मागे घेतला. "हा देणार नाही. एक तुम्ही फाडलाय."

पांढरी प्रत फाडलेली त्यांना कशी कळली, ते मी विचारलं नाही. कळायला काय, मी सेफ्टी ऑफिसर होतो आणि कागद नाहीसा झाला होता.

मग कुणाल बोलला. इतकी वर्षं 'हो साहेब, नाही साहेब' यापलीकडे हा मुलगा माझ्याशी बोललेला नाही. "नोकरीला लागलो त्याच आठवड्यात तुमचं लेक्चर होतं. तुम्ही बोर्डावर लिहिलंत, हंबीरराव केस. मी समोर बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि विचारलंत, या माणसानं काय चूक केली?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी कुणाकडेही बोट करायचो.

"तू काय म्हणालास?"

"उभा राहिलो. म्हणालो, परमिट घेतलं नाही, साहेब. तुम्ही म्हणालात, शाब्बास, बस."

मी पाटावरून उठलो. दाराशी पोचून मागे वळलो आणि सांगितलं. जोडून नाही, सलग सांगितलं, नऊ डिसेंबरपासून. केकचंही सांगितलं. रसिका मध्येच बटण दाबत होती, कुणालनं ते खेळणं तिच्या हातून काढून घेतलं. माझं सांगून झाल्यावर सुहासिनीताई म्हणाल्या, "इथं सांगून काय उपयोग? आम्हाला माहीतच होतं."

निरांजन पेटलं नाही. अनारशांचा डबा त्यांनी परत दिला.

२४ ऑक्टोबर

अहल्याला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल वाटलं होतं. म्हणाली, "वाढदिवसाच्या फोटोत तुमचा चेहरा बघितलाय मी. काय ते नेमकं माहीत नव्हतं, पण काहीतरी होतं एवढं कळायचं."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही विचारू दिलंत कधी?"

सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं. मी एकटाच अंधारात होतो आणि हातात विजेरी घेऊन दुसऱ्यांना रस्ता दाखवत होतो.

शर्वरीचे फोन येतायत. मी उचलत नाही. तिनं जे केलं ते चुकीचंच होतं, आणि भाऊबीजेला जे झालं त्यानं ते बरोबर ठरत नाही. ते अजून सलतं. पण तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? निजामपुऱ्यात?

१० नोव्हेंबर

दरवर्षीप्रमाणे व्याख्यान. बत्तीस पोरं, कोरी करकरीत हेल्मेटं. सध्याच्या सेफ्टी ऑफिसरना काही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर त्यांनी विषय बदलायला लावला असता. कुणालला काल फोन केला होता. तो आला, मागच्या भिंतीशी उभा राहिला. खिशावर हात.

बोर्डावर आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं: हंबीरराव केस. पोरांपुढे छापील टिपण होतं. सवयीनं मी विचारलं, "या माणसानं काय चूक केली?" समोरचा एक तरतरीत मुलगा उठला. "परमिट घेतलं नाही, सर."

"बस," मी म्हणालो. शाब्बास म्हणालो नाही. "परमिट घेतलं होतं. त्यावर सही माझी होती. मी जागेवर गेलो नव्हतो, वायू तपासला नव्हता. नंतर माझ्याकडची प्रत मी फाडली. त्याची प्रत त्या शेवटच्या माणसाच्या खिशात आहे. तो हंबीररावांचा मुलगा आहे."

सेफ्टी ऑफिसर उठून माझ्याकडे यायला लागले, हळू आवाजात म्हणाले, "पोतनीससाहेब, आपण चहा घेऊ या." मी त्यांना थांबायची खूण केली. कुणालनं खिशातून कागद काढून उघडा धरला. पुढं आला नाही, तिथूनच धरला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, तो मला माफ करेल असं नाही, आणि ते मागायला मी आलोही नव्हतो.

एक पोरगा भीत भीत म्हणाला, "सर, मग केसचं नाव काय लिहायचं?"

चूक ज्याची, केस त्याच्या नावानं. हा नियम मीच घातलेला आहे. बोर्डावरचं हंबीररावाचं नाव मी पुसलं आणि तिथं लिहिलं: विश्वंभर पोतनीस केस. अक्षर वाकडं आलं. बत्तीस पोरांनी ते खाली मान घालून वहीत उतरवून घेतलं.